दुसऱ्याच्या खिळ्यावरचा नान

मुयस्सरच्या घरातली एकही वस्तू सत्तावीस वर्षं जागची हलली नव्हती, आणि त्यात ती स्वतःही आली.

पासष्ट साली ताश्कंदहून माणसं आली आणि त्यांनी ठरवलं की मर्गिलानच्या वीणकर मोहल्ल्यातलं हे घर बेचाळीसच्या वसंतात जसं होतं तसंच ठेवायचं. कारण त्या वसंतात तिचा भाऊ मिर्वली या घरातून लढाईला गेला, नीपर नदीच्या काठावर मशीनगनवर पालथा पडून मेला, आणि मेल्यावर देशाचा वीर झाला. मग काय, बापाच्या मागाला नंबर पडला, पाळण्याला पडला, रजयांना पडला. ज्या कढईत आदल्या दिवशी पुलाव शिजला होता ती एका रात्रीत 'वीराच्या आईची कढई' झाली. मायलेकींनी बाजारातून दुसरी आणली आणि कोठीत लपवून तिच्यात स्वयंपाक सुरू केला. छप्पर गळालं तर डांबर लावायचं नाही, बेचाळीसमध्ये डांबर कुठे होतं! म्हातारीला नंबर द्यायचा तेवढा राहिला. तिने दहा ते पाच ओसरीवर बसायचं आणि शाळेच्या पोरांनी रांगेने येऊन तिचा हात कपाळाला लावायचा.

मुयस्सर तेव्हा तीस वर्षांची होती. एक स्थळ आलं होतं, तेलाच्या गिरणीतला मेकॅनिक, चांगला हसरा माणूस. घर बघून त्याने विचारलं, "लग्न झाल्यावर माझ्यावर कुठला नंबर चिकटवणार?" तिला ते लागलं. आज लागलं नसतं, पण आज कोण विचारतंय? ती संग्रहालयाची राखणदार झाली, झाडूवाली झाली, आणि माहिती सांगणारी बाईही तीच झाली.

बाकी वस्तूंसमोरून लोक भराभरा पुढे जायचे. थांबायचे ते नानपाशी.

आमच्याकडे पोरगा लढाईला निघाला, लांब निघाला, की आई त्याला उंबऱ्यात थांबवते आणि ताज्या नानचा एक घास तोडायला लावते. उरलेला नान त्याच्या नावाने भिंतीवर टांगायचा. तो परत आला की त्याचा त्याने खायचा, तेव्हा कुठे तो आला असं म्हणायचं. तोवर दुसऱ्या कुणाचं त्याला तोंड लागता कामा नये. लागलं तर जाणारा परतत नाही.

भिंतीवर बेचाळीसच्याच खिळ्याला मिर्वलीच्या नावाचा नान होता. आता त्याच्यापुढे काच होती आणि त्याच्यावर ताश्कंदच्या माणसांनी रोगण चढवलेलं होतं. काठावर चावल्याची अर्धगोल खूण, आणि खुणेच्या मधोमध दातांतून सुटलेलं एक बारीक टोक.

"हे टोक बघा," मुयस्सर छडी लावून सांगायची. "वीराचा पुढचा एक दात नव्हता. लहानपणी जमीनदाराचा पोरगा एका गरीब विधवेच्या मुलाला मारत होता, वीर मध्ये पडला, त्यात तो दात गेला. दात गेला, पण माघार घेतली नाही."

पोरं जिभा स्वतःच्या दातांवरून फिरवायची. बायका डोळे पुसायच्या. हे सांगताना मुयस्सरचा आवाज कधी अडखळला नाही. खरं असतं तर अडखळला असता.

खरं असं की त्या सकाळी या दारातून एक नाही, दोन भाऊ निघाले होते. मिर्वली बावीसचा, तुर्गुन एकोणिसाचा. दोन नान, दोन खिळे. उजवा मोठ्याचा, डावा धाकट्याचा. दात पडलेला होता तुर्गुनचा, आणि तोही तुतीच्या झाडावरून तुती चोरताना पडून. त्यात जमीनदार नव्हता आणि विधवाही नव्हती.

त्रेचाळीसच्या हिवाळ्यात घरात खायला सरकीची पेंड तेवढी उरली होती. आई रेशमाच्या कारखान्यात बारा-बारा तास. मुयस्सर आठ वर्षांची. एका दुपारी ती पेटीवर चढली आणि उजव्या खिळ्यावरचा नान काढला. उजवा का, तर तो पेटीजवळ होता, दुसरं काही नाही. रजईत शिरून तोंडात भिजवत भिजवत तिने तो संपवला. जीभ सोलवटली. नान चांगला होता.

मग पोटातला नान आणि पोटातली भीती एकदमच जड झाली. मिर्वली म्हणजे आईचा जीव की प्राण. तिने डाव्या खिळ्यावरचा नान उचलून उजव्यावर टांगला. आई घरी आल्या आल्या भिंतीपाशी गेली.

"तुर्गुनचा कुठंय?"

"उंदरांनी नेला, ओयी."

 आईने रिकाम्या खिळ्यावर ओढणीचं टोक टाकलं. सव्वा महिन्याने लढाईत मेल्याचं काळं पत्र आलं, आणि त्यात नाव मिर्वलीचं होतं.

"पत्र खोटं आहे," आई म्हणाली. "त्याचा नान हा इथे आहे." आणि ती वाट बघत राहिली. तुर्गुनचं मात्र कुठलंच पत्र आलं नाही, पण त्याचा नान गेला होता. त्याच्यासाठी तिने शोकाचे निळे कपडे घातले, अंगणात बायका बोलावल्या आणि वर्षभर सुतक पाळलं. जिवंत पोराचं सुतक आणि मेलेल्याची वाट, असा त्या घराचा हिशेब मुयस्सरच्या एका दुपारच्या भुकेने लावून दिला.

लढाई संपल्यावर गुप्त पोलिसांतले बूटवाले लोक आले आणि म्हणाले, तुर्गुन पकडला गेला होता, जर्मनांनी आपल्याच लोकांची जी पलटण केली तिच्यात तो शिरला, हे नाव पुन्हा घ्यायचं नाही. आईला कारखान्यातून काढलं. मग मिर्वलीच्या नावाचं पदक, वीराचा तारा, आला आणि त्याने सगळ्यांवर पांघरूण घातलं. दोघा भावांचा एक फोटो होता, त्यातून तुर्गुनला कापला. मिर्वलीच्या खांद्यावर त्याचा हात तेवढा राहिला, तर चित्रकाराने रंग देऊन त्या हाताचा बंदुकीचा पट्टा केला. मुयस्सरला ते फार सुबक वाटलं.

सहासष्टमध्ये म्युनिकहून एक पत्र आलं. 'ओयी आहे का? मांजरी मोठी झाली असेल. माझा नान जपा, एक दिवस येऊन खाणार आहे.' मुयस्सरने ते तंदूरच्या छपरीत उभ्याने वाचलं. पलीकडे ओसरीवर आई अंदिजानच्या शाळकरी मुलींना आपला हात कपाळाला लावू देत होती. तंदूर पेटलेलाच होता.

आणि एकाहत्तरमध्ये, मरायच्या दोन दिवस आधी, म्हातारीने अचानक विचारलं, "काय गं, दात तर तुर्गुनचा पडला होता ना?"

"नाही ओयी. मिर्वली अकांचा. तुम्ही विसरलात. माहितीपुस्तकात छापलंय."

"छापलंय?" म्हातारी म्हणाली. "मग असेल." आणि तिने तोंड भिंतीकडे केलं.

हे सगळं जिरवून मुयस्सर सत्तावन्न वर्षांची झाली. ब्याण्णव साल उजाडलं. जुना देश गेला, नवा आला, आणि जुन्या देशाच्या वीरांना एकेक करून चौकातून उचलायला सुरुवात झाली. कचेरीतून कागद आला की गुरुवारी समिती येईल आणि घराचं काय करायचं ते ठरवेल. एक विचार शिवणवर्गाचा होता. मुयस्सरला दुसरं घर नव्हतं, दुसरं काम नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरी गोष्टही येत नव्हती. तिने ठरवलं, वीराबद्दल कमी बोलायचं, नानबद्दल जास्त. वीर जुन्या देशाचा होता, नान आपला होता. नान घर वाचवील.

सोमवारी दुपारी बारा वाजता तिने दाराला कडी घातली होती, तेवढ्यात कुणीतरी ठोठावलं.

"बंद आहे. दोननंतर बघायला या."

"मला बघायचं नाहीये," बाहेरून म्हाताऱ्याचा आवाज आला. "मला यायचंय."

तिने दार उघडलं. करड्या कोटातला, उंच, वाळलेला माणूस. बूट भारी. दात चहाच्या पेल्यांसारखे पांढरे आणि एकसारखे.

"मांजरे," तो म्हणाला.

त्या नावाने हाक मारणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याच्यासाठी तिच्या आईने वर्षभर निळे कपडे घातले होते.  मुयस्सरच्या तोंडातून मात्र रोजचंच निघालं.

"तिकीट घ्यावं लागेल."

तो हसला. त्याने तिकीट घेतलं आणि उंबरा ओलांडून, कुठे वळायचं ते न विचारता, सरळ काचेपाशी गेला. बराच वेळ बघत राहिला.

"हा उजव्या खिळ्यावर कसा आला?"

"हळू बोला, अका." थोरल्या भावाला अका म्हणायची लहानपणीची सवय जिभेवर तशीच होती.

"हा माझा आहे. हे बघ, माझी फट." त्याने काचेवर बोट टेकवलं. "मिर्वलीचा कुठंय?"

एकोणपन्नास वर्षं तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण ज्या माणसाला जन्मभर मेलेला मानलं त्याच्यापुढे लपवायचं तरी काय?

"मी खाल्ला."

तुर्गुन काचेपासून तिच्याकडे वळला. "कसा होता?"

"चांगला होता."

आणि दोघं हसायला लागली. तोंडावर हात दाबून, आई ओसरीवर निजली आहे तशी, खांदे गदगदेपर्यंत हसली. त्या घरात इतकं कुणी पासष्टनंतर हसलं नव्हतं. मग तो पेटीवर टेकला, त्या पेटीवर बसायला मनाई होती तरी, आणि त्याने विचारलं, "ओयीने माझी वाट पाहिली?"

"पाहिली."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत, अका."

तो रडला. मुयस्सर उभी राहून त्याच्या टोपीखालचे पांढरे केस बघत होती. खोटं बोलायचा तिला एवढा सराव होता की कुठलं मायेने बोललं आणि कुठलं सवयीने, हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

"तुला त्रास द्यायला नाही आलो," डोळे पुसत तो म्हणाला. "तिथल्या डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिलीय. पोटात गाठ आहे. मला एक घास हवाय त्याचा, दुसरं काही नको. म्हणजे आलो असं होईल. आणि मोहल्ल्याला सांग की तुर्गुन आला. मग ओयीशेजारी निजवा मला, बस्स."

"त्याच्यावर रोगण आहे, अका. घशात अडकेल."

"मी काय काय खाल्लंय ते तुला माहीत नाही."

मोहल्ल्याला सांग. म्हणजे नान तुर्गुनचा, दात तुर्गुनचा, मग माहितीपुस्तक खोटं, छडी खोटी, सत्तावीस वर्षं खोटी, आणि गुरुवारी शिवणयंत्रं आत. तिने त्याला चहा दिला, कोठीतल्या कढईतला शोरबा वाढला.

"गुरुवार होऊ द्या," ती म्हणाली. "शुक्रवारी मी स्वतः काच उघडते. तोवर इकडे फिरकू नका. ओळखही देऊ नका कुणाला."

"पन्नास वर्षं थांबलो, चार दिवसांचं काय!" तुर्गुन म्हणाला आणि स्टेशनजवळच्या हॉटेलात गेला. शुक्रवारी ती खरंच काच उघडणार होती. निदान सोमवारी तरी तिला तसं वाटत होतं.

गुरुवारी मोहल्ला लोटला. समितीची मुख्य होती मुनव्वर खानम, चाळिशीची, झपाझप बोलणारी, सगळीकडे बोट फिरवून धूळ बघणारी. मोहल्ल्याचे वडीलधारे हमदम ओता होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण गर्दी असेल तिथे हजर. शेजारची नानवाली शराफत टोपलीभर गरम नान घेऊन आली होती, पाहुण्यांच्या चहाबरोबर द्यायला.

मुयस्सरने छडी उचलली. त्या दिवशी तिने जन्मात सांगितलं नव्हतं इतकं छान सांगितलं. उंबऱ्यातली आई सांगितली, तंदूरची ऊब सांगितली, चावलेल्या नानला आमच्या बाया तीस-तीस वर्षं कशा जपतात ते सांगितलं. मुनव्वर खानमने चष्मा काढून पुसला. "हे मुलांनी बघायलाच हवं," ती शेजारच्याला म्हणाली, आणि मुयस्सरच्या छातीवरचा दगड उतरला. मग तिने छडी त्या टोकावर टेकवली.

"वीराचा पुढचा एक दात नव्हता. लहानपणी जमीनदाराचा पोरगा…"

"तुतीवरून पडलो होतो मी," दारातून आवाज आला. "जमीनदार कुठला, मांजरे?"

तुर्गुन उभा होता. दाढी केलेली, कोट झाडलेला, हातात मिठाईचा डबा लाल फितीने बांधलेला. समोरच्या चहाखान्यात बसून त्याने मोहल्ला गोळा होताना पाहिला आणि त्याला वाटलं, बहिणीने आपल्यासाठीच बोलावलाय. शुक्रवारपर्यंत तिलाच धीर धरवला नाही. तसा तो हसतच उंबऱ्यात आला, डबा पुढे करत.

"कोण तुम्ही?" मुनव्वर खानमने विचारलं.

"तुर्गुन. या घरातला. आणि हा नान माझा."

म्हाताऱ्या बायकांनी एकदम श्वास घेतला. ते नाव त्या अंगणात सेहेचाळीसनंतर कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

"तुर्गुन मेला की!" हमदम ओता म्हणाले. "त्याचं सुतक फिटलं तेव्हाचा पुलाव मी खाल्लाय. मटण कमी होतं."

"हमदम, तू अजून मटणच मोजतोस का रे?"

लोक हसले. हमदम ओतांनी पापण्या चोळल्या. "बोलणं तर त्याच्यासारखं आहे. पण मला दिसतंय ते सगळं दुधात बुडालंय, बाबा. आता परदेशातून कोणीही येतं आणि जुनं घर माझं म्हणतं. ऐका, एवढं काय अवघड आहे? नानवर चाव्याची खूण आहे. याला एक नान द्या, चावू द्या. खुणेला खूण लावून बघा."

"वा, ओता!" कुणीतरी ओरडलं. मोहल्ल्याला हे फारच पसंत पडलं. समितीतले दोघं पुढे सरकले. शराफतने टोपलीतला वरचा नान काढला आणि दोन्ही हातांवर धरून म्हाताऱ्यापुढे केला. "घ्या, अका. चावा."

आता जरा थांबला असता तर त्याच्या लक्षात आलं असतं. पण तो उंबऱ्यात होता. त्याच उंबऱ्यात, हातात गरम नान, समोर बायका, आणि कुणीतरी म्हणत होतं, चावा. पन्नास वर्षं ज्या क्षणाकडे तो मागे वळून बघत होता तो समोर उभा राहिला, आणि त्याचं तोंड आपोआप उघडलं. त्याने डोळे मिटून घास तोडला.

नान हातोहात काचेपाशी गेला.

खूण अर्धगोल, स्वच्छ, कंपासने काढल्यासारखी. ना फट, ना टोक.

आधी एक जण हसला, मग चार, मग सगळं अंगण. तुर्गुनने स्वतः पुढे येऊन वाकून बघितलं. बघितलं आणि तोंडावर हात नेला. "थांबा," तो म्हणाला. "हे दात माझे नाहीत. तिकडे बसवले. थांबा, दाखवतो." आणि त्याने गडबडीने कवळी काढून तळहातावर धरली. गुलाबी, ओली, नानचे कण लागलेली. उघड्या तोंडात एकही दात नव्हता.

"आता तर सगळीच फट!" मागून कुणीतरी म्हणालं आणि हसण्याचा दुसरा लोंढा आला. एका बाईने नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसू पुसलं. तुर्गुन हिरड्यांनी काहीतरी बोलत होता, ते कुणाला कळत नव्हतं. फितीचा डबा त्याच्या काखेतून घसरत होता.

"पुरे," मुनव्वर खानमने हात वर केला. तिला हसू आलं नव्हतं. ती शहाणी बाई होती. "दातांचं राहू द्या. बहीण इथे उभी आहे. मुयस्सर ओपा, तुम्ही सांगा. हा तुमचा भाऊ आहे का? असेल तर नि:संकोच सांगा. ते दिवस गेले आता, त्याबद्दल कुणी तुम्हाला काही करणार नाही."

 ते दिवस गेले होते, हे तिलाही कळत होतं. बूटवाले येणार नव्हते. एक 'हो' म्हटलं असतं तर घर गेलं असतं, एवढंच. आणि तेही कदाचित गेलं नसतं. पण लोक तिच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात अजून ती वीराची बहीण होती. 'हो' म्हटल्यावर ती नान खाणारी झाली असती. आणि समोर तो उभा होता, हातात दात घेऊन, असा केविलवाणा, असा स्वतःचं हसं करून घेतलेला, की तिला त्याचा रागच आला. शुक्रवारपर्यंत थांबायला काय झालं होतं?

"माझा भाऊ तुर्गुन गेला," ती म्हणाली. आवाज जराही अडखळला नाही. "आईने या अंगणात त्याचं वर्षभर सुतक पाळलं. निळे कपडे अजून पेटीत आहेत, नंबर एकतीस. या गृहस्थांना मी ओळखत नाही."

 तुर्गुनने कवळी तोंडात बसवली. ती नीट बसेना, त्याने अंगठ्याने दाबली. मग त्याने विचारलं, आणि ते तिच्या एकटीसाठी होतं, "वर्षभर सुतक? माझं?"

सोमवारी तिने काय सांगितलं होतं ते आता दोघांनाही आठवत होतं. ती काचेकडे बघत राहिली.

"मग चुकलो असेन मी," तो लोकांना म्हणाला. "घर दुसरं असेल. माफ करा."

त्याने मिठाईचा डबा ओसरीवर ठेवला. नान कुणीतरी परत त्याच्या हातात दिला होता. तो त्याने डब्याशेजारी ठेवला, भाजलेली बाजू वर, आमच्याकडे ठेवतात तसा. आणि गेला. जाताना हमदम ओतांनी मागून म्हटलं, "नान तर घरच्यासारखा ठेवला हो त्याने," पण ते काय, काहीही बोलतात.

समितीने मिठाई खाल्ली. चांगली होती, आत अक्रोड होता. मुनव्वर खानमने कागदावर लिहिलं की घर लोकपरंपरेचं संग्रहालय म्हणून चालू ठेवावं, राखणदार तीच असावी, आणि छपराला डांबर लावायला हरकत नसावी. सही करताना ती म्हणाली, "ओपा, तुमच्यासारखं सांगणारी माणसं आता राहिली नाहीत."

शुक्रवारी मुयस्सर बारा वाजता कडी न घालता बसली. शनिवारीही. स्टेशनजवळच्या हॉटेलात परदेशी म्हातारा रविवारपर्यंत होता आणि मग ताश्कंदच्या गाडीने गेला, हे तिला बाजारातल्या रांगेत कळलं, न विचारता.

डांबर लागलं. मे संपत आला. घरातली चाळणी फाटली म्हणून एका सकाळी ती शराफतकडे गेली. शराफत तंदूरमध्ये कंबरेपर्यंत वाकून नान लावत होती.

"आत जा ओपा, चाळणी खिडकीत आहे."

आत खिडकीच्या वर, नव्या खिळ्यावर, एक नान टांगला होता. काठावर अर्धगोल खूण. स्वच्छ, कंपासने काढल्यासारखी. मुयस्सर तिथेच उभी राहिली.

शराफत हात पुसत आत आली. "त्या दिवसाचा आहे तो," ती जरा ओशाळून म्हणाली. "तुम्ही हसाल मला. तुमच्या ओसरीवर पडला होता, कोंबड्यांना घालायला घेतला, तर हातच होईना. लबाड असेना का, उंबऱ्यात घास तोडून गेलाय माणूस. माझ्याच हातचा नान. कुणीतरी टांगायला नको का? आमचे हे म्हणाले वेडी आहेस."

"लबाड होता तो," मुयस्सर म्हणाली.

"होताच की. पण कसा गेला बघितलंत ना, कोटाची एक बाजू वर, एक खाली." शराफतने नानखालची धूळ पदराने झटकली. "फक्त एक अडतंय, ओपा. येता-जाता त्याचं नाव घेऊन दोन शब्द म्हणावेत असं वाटतं. नावच घ्यायचं नसेल तर टांगून काय उपयोग? आणि तुर्गुन म्हणून तर म्हणता येत नाही, ते तुमच्या भावाचं नाव, ते तर गेले. या बिचाऱ्याचं स्वतःचं काही नाव असेल ना? तुमच्याशी बोलला होता म्हणे तो सोमवारी. काय नाव सांगितलं होतं त्याने?"

बाहेर तंदूरमध्ये नान फुगल्याचा वास सुटला होता. काढायची वेळ झाली होती. शराफत वाट बघत उभी राहिली.

"मी विचारलं नाही," मुयस्सर म्हणाली. "चाळणी कुठली घेऊ, बारीक की मोठी?"